पाव्हणं, पूर आणि रोकडवही

शुक्रवार

थंडीच्या दिवसांत कोल्हापूरकडे जाताना कराड सोडलं की रस्ता उसाचा होतो. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर गच्च मोळ्या, आणि ओव्हरटेक करावं म्हटलं तर रुंदीकरणाच्या खोदाईने उरलेला अर्धा रस्ता खाल्लेला. गाडी चालवत होता माझा मावसभाऊ, आम्ही त्याला भाऊच म्हणतो. मागच्या सीटवरचे पाहुणे काच खाली करून उसाकडे टक लावून बघत होते.

हे पाहुणे आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या अर्थमंत्रालयातले अधिकारी. कुठल्या देशाने काय दिलं, त्यातलं सरकारी तिजोरीत किती आलं आणि बाहेरच्या बाहेर किती खर्च झालं, याचा माग ठेवणं हे त्यांचं काम. मी काही वर्षं तिथल्या राजधानीत, लिलाँग्वेत, त्याच दालनाशेजारी बसून तेच आकडे जुळवत होते, तिथली ओळख. सध्या ते पुण्यात आयटेकच्या प्रशिक्षणाला आलेत. भारत सरकार 1964 पासून या योजनेतून इतर विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या खर्चाने शिकायला बोलावतं. सुट्टीत कुठे जायचं असं विचारल्यावर त्यांनी ताजमहाल म्हटलं नाही, "पूर आलेलं गाव दाखवा" म्हणाले. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत हजाराहून जास्त माणसं नेली, त्यातली कित्येक सापडलीही नाहीत. त्यानंतर आलेल्या मदतीचे कागद अजून त्यांच्या टेबलावर आहेत.

"हे तर नचालो," ते उसाकडे बोट दाखवून म्हणाले. नचालो म्हणजे शिरे नदीच्या खोऱ्यातला साखर कारखान्याचा भाग. तिथेही काळी सपाट जमीन, ऊस, आणि नदी फुगली की सगळं पाण्याखाली. भाऊला हे सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "तिकडं टनाला दर काय देत्यात?" उत्तर मला आलं नाही, पाहुण्यांनाही आलं नाही, आणि भाऊचा त्यांच्या अर्थमंत्रालयावरचा विश्वास तिथेच थोडा उडाला.

पेठनाक्याला चहा घेताना भारताची गोष्ट निघाली. आपण मदत घेतोही आणि देतोही, याचं पाहुण्यांना कौतुक. त्याहून कौतुक 2003 च्या निर्णयाचं. जसवंतसिंह अर्थमंत्री असताना भारताने बहुतेक छोट्या देणगीदार देशांना नम्रपणे कळवलं, की सरकारला थेट मदत आता नको. द्यायचंच असेल तर संस्थांमार्फत किंवा संयुक्त राष्ट्रांमार्फत द्या. अमेरिका, ब्रिटन, जपान, जर्मनी, रशिया आणि युरोपीय संघ एवढे ठेवले. पुढे ते धोरण थोडं सैल झालं, पण मुद्दा उरलाच. प्रत्येक छोट्या देणगीमागे एक करार, एक स्वतंत्र बँक खातं, एक अहवाल आणि एक पाहणी पथक येतं. ते सांभाळणारा अधिकारी मात्र तोच असतो.

"तुम्ही नाही म्हणू शकलात," पाहुणे म्हणाले. "आम्हाला परवडत नाही."

संध्याकाळी कोल्हापुरात कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर गेलो. जानेवारीतली पंचगंगा अगदी गरीब दिसते. याच पाण्याची पातळी जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा जिल्हा मोबाईलवर तासातासाला बघतो: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि 2021 च्या जुलैत 56 ओलांडून. 2019 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. शहरात दूध होतं पण पेट्रोल नव्हतं, असं भाऊ सांगतो. मग रस्ता सुटला आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून ट्रक सुरू झाले.

"कपडं बगा, कपडं," भाऊ पाहुण्यांना मराठीतच सांगत होता, हातांनी ढीग दाखवत. "पुण्या-मुंबईची समदी कपाटं हितं रिकामी झाली. पूरवाल्याला पाहिजे गोधडी आन् झाडू, आन् हातात लग्नातला सूट."

मी भाषांतर केलं. पाहुणे हसले नाहीत. त्यांच्याकडे फ्रेडीनंतरही असंच झालं होतं.

शनिवार

सकाळी शिरोळ तालुक्यात. गावाचं नाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोन-तीन संस्था ओळखू येतील. कृष्णा आणि पंचगंगा जिथे भेटतात त्या नृसिंहवाडीपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

ग्रामपंचायतीत सरपंचबाई स्वतः बसल्या होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण सरपंच बाई असल्या की खुर्चीत त्यांचे यजमान सापडतात, असा अनुभव. इथे यजमान चहा घेऊन आले, ठेवून गेले. बाई चाळिशीच्या, आवाज खणखणीत.

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"मलावी. आफ्रिकेतलं."

"तिकडं बी पूर येतोय व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता, "बसा, मी सांगतो."

2019 ला काय झालं ते त्यांनी सांगितलं ते असं. सरकारकडून खेड्यात घरटी 10,000 आणि शहरात 15,000 रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं, त्यातले 5,000 आधी रोख आणि बाकीचे खात्यावर. वर 10 किलो गहू, 10 किलो तांदूळ. हे सगळं पंचनाम्यावर. तलाठी, ग्रामसेवक दारोदार फिरून लिहून घेत होते. पंचनाम्याला घर कुणाच्या नावावर ते लागतं. गावातली निम्मी घरं वारलेल्या आजोबांच्या नावावर. दोन भाऊ वेगळे राहतात, चुली दोन, पण नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्याला, नोंद एक. म्हणजे अनुदान एक. सरकारी मदत सावकाश आली, काही नावं चुकली, पण चुकलं कुठे ते दाखवायला कागद होता. भांडायला जागा होती.

दुसरीकडून ट्रक. ट्रक पहिल्या फाट्याला थांबायचे, कारण तिथून पुढे चिखल. त्यामुळे फाट्याजवळच्या वस्तीला चार-चार किट, आणि मळ्यात राहणाऱ्यांना बिस्किटाचा पुडा सुद्धा नाही. एका घरात तीन गॅस शेगड्या आल्या, त्यातली एक पुढे भाचीच्या लग्नात आहेर म्हणून गेली. एका संस्थेने सगळ्या बायकांना नऊवारी दिली. "हितं नववारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या धा बी नसतील," बाई म्हणाल्या. देणाऱ्यांची नियत चांगली होती, यात त्यांना जराही शंका नव्हती. माझंही मत तेच, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. नियत वाईट असती तर पोलिसांत जाता आलं असतं.

पाहुण्यांनी विचारलं, की सरकारची यादी आणि ट्रकवाल्यांची यादी कधी शेजारी ठेवून बघितली का?

बाईंनी कपाट उघडून लांबलचक फुलस्केप वही काढली.

2021 ला पाणी पुन्हा आलं तेव्हा त्यांनी ही वही सुरू केली. नियम एकच: गावात मदत घेऊन येणाऱ्याने आधी ग्रामपंचायतीत यायचं. वहीत रकाने आहेत: कोण आलं, काय आणलं, किती, कुठल्या वस्तीला दिलं, आणि त्या घरांना सरकारी अनुदान मिळालंय की नाही. शेवटचा रकाना सोन्याचा. त्यामुळे ज्यांची नावं पंचनाम्यातून सुटली, वेगळ्या चुलीचे भाऊ, भाड्याने राहणारे, ऊसतोड मजूर, त्यांच्याकडे खासगी मदत वळवता आली. सरकार जिथे नियमाने पोचू शकत नव्हतं, तिथेच देणगीदाराला पाठवायचं. पाहुण्यांनी एक-एक पान उलटलं. मराठी अक्षर ओळखीचं नाही, पण तक्ता कुठल्याही देशातला लेखापाल वाचू शकतो.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"दोघं रागावून गेलं. एक म्हनला, आमच्या देणगीदारांना फोटो पाहिजे, घराच्या दारात उभं ऱ्हाऊन. म्या म्हनलं, फोटो माझा काडा, सामान हितं उतरवा."

इथे मला हसू आवरेना. 2005 मध्ये पॅरिसमध्ये देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी मोठा जाहीरनामा केला होता: योजना घेणाऱ्याची, देणाऱ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं, आपापसांत कामाची वाटणी करायची, पैसा घेणाऱ्या देशाच्या अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. 2010 पर्यंतची तेरा उद्दिष्टं ठरली. मुदत संपल्यावर मोजदाद झाली तेव्हा जागतिक पातळीवर त्यातलं एकच पुरं झालेलं निघालं. त्या काळात व्हिएतनामसारख्या देशात वर्षाला सातशेच्या वर देणगीदार पथकं येत होती, म्हणजे कामाच्या दर दिवशी जवळजवळ तीन. प्रत्येक पथकाला मंत्री भेटला पाहिजे, सचिव भेटला पाहिजे. पुरानंतरच्या आपल्याकडच्या पाहणी दौऱ्यांची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ज्यांनी वही स्वतःच्या हातात ठेवली त्यांचं थोडं बरं चाललं. रवांडाने देणगीदारांना सांगितलं, प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन क्षेत्रं घ्या, एकाच क्षेत्रात गर्दी करू नका. इंडोनेशियाने त्सुनामीनंतर आपल्या आचे प्रांतासाठी बीआरआर नावाची स्वतंत्र यंत्रणा 2005 ते 2009 एवढीच मुदत देऊन उभी केली. शेकडो संस्थांना आपापले प्रकल्प तिच्या नोंदीत आणावे लागले, आणि पंधरा देणगीदारांनी आपला पैसा वेगवेगळा न ठेवता एका सामायिक निधीत घातला. तरीही आचेमध्ये गोंधळ झालाच. एकाच किनाऱ्यावर एका संस्थेची घरं पक्की आणि दुसरीची तकलादू. पण कुठे गोंधळ झाला ते शोधता येत होतं.

शाळेमागे मग आम्हाला ते दाखवलं, ज्यासाठी मी गावाचं नाव गाळलं. पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं. एक एका कंपनीच्या सीएसआरमधून, दुसरं एका ट्रस्टकडून, अंतर दोनशे पावलांचं. दोन्ही बंद. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि मार्च जवळ आला की हा पैसा गावं शोधत फिरतो. यंत्र बसवलं, फीत कापली, फलक लागला. पण गावाच्या मालमत्ता नोंदवहीत ते कधी चढलंच नाही. चढलं नाही म्हणून अंदाजपत्रकात त्याच्या वीजबिलाची आणि पाणी गाळणाऱ्या मेंब्रेनची तरतूद नाही. वित्त आयोगाच्या पाण्यासाठीच्या बंधित अनुदानातून दुरुस्ती करावी म्हटलं, तर आराखड्यात काम नाही. मेंब्रेन त्याच कंपनीचं लागतं, दुसऱ्याचं बसत नाही.

पाहुणे त्या यंत्राशेजारी बराच वेळ उभे होते. मलावीत एके काळी हातपंपांचं असंच होतं. प्रत्येक देणगीदार आपल्या देशातला पंप आणायचा, प्रत्येकाचा वायसर वेगळा. शेवटी 1980 च्या दशकात मलावी आणि केनियातल्या कामातून आफ्रिदेव हा पंप तयार झाला, खेड्यातल्या बाईलाही साध्या पान्याने खोलता येईल असा, आणि सरकारने सांगितलं की बोअर कुणीही मारा, वर पंप हाच. मग मी त्यांना आपली गोष्ट सांगितली, जी महाराष्ट्रातल्या फार लोकांना ठाऊक नसते. भारतभर दिसणारा इंडिया मार्क टू हातपंप जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या विहीरकामातून निघालेल्या पंपांचा वंशज. केंद्र सरकार आणि युनिसेफने तो 1970 च्या दशकात पक्का करून त्याचं प्रमाण ठरवून दिलं. देणगीदार वीस असले तरी सुटा भाग एकच, आणि तो तालुक्याच्या बाजारात मिळायचा. बैठका न घेता झालेला हा समन्वय मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठा वाटतो.

दुपारी बाईंच्या घरी जेवण. ज्वारीची भाकरी, वांगं, खर्डा. पाहुण्यांनी भाकरी मोडून वांग्यात बुडवली ती इतक्या सराईतपणे, की घरातल्या आजींनी विचारलं, "ह्यांच्यात बी भाकरी असतीया काय?" त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचा न्सिमा असतो, हातानेच खातात. खर्ड्याचा पहिला घास गेल्यावर मात्र मलावीचं अर्थमंत्रालय थोडा वेळ निःशब्द झालं.

परतीच्या वाटेवर वाडीला दर्शन, बासुंदी. खिद्रापूरला जायचं ठरलं होतं, उशीर झाला.

रविवार

आज काम नाही असं ठरलेलं. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, मग मिसळ, मग अंबाबाई, गर्दीमुळे मुखदर्शनावर समाधान. पाहुण्यांना चप्पल घ्यायची होती. भाऊने दुकानदाराशी पंधरा मिनिटं घासाघीस केली आणि शेवटी दुकानदार त्याचा वर्गमित्र निघाला, तेव्हा मूळ किंमत द्यावी लागली.

दसरा चौकात मात्र काम आपणहून समोर आलं. मी त्यांना शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं दाखवत होते. 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, 1908 ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क, आणि असं करत कितीतरी. खेड्यातून शिकायला येणाऱ्या पोराला शहरात राहायला जागा नाही, हे शिक्षणातलं खरं अडलेलं दार होतं. महाराजांनी सगळा खर्च संस्थानाच्या तिजोरीतून केला नाही. जागा, इमारतीला मदत, वर्षाचं अनुदान संस्थानाचं. वर्गणी गोळा करणं, चालवणं, पोरांवर नजर ठेवणं त्या त्या समाजाचं.

पाहुणे नेहमीसारखे मुळाशी गेले. "म्हणजे वेतन आणि चालू खर्चाची हमी राजाची, आणि भांडवल दोघांचं?"

इतकं रेखीव नव्हतं, म्हटलं. पण अनुदान एक वर्ष देऊन बंद होणार नाही, याचा भरवसा असल्याशिवाय कुठला समाज इमारत बांधेल? मलावीत, आणि फक्त मलावीत नव्हे, नेमकं उलटं होतं: देणगीदार दवाखाना बांधून देतो, तीन वर्षं औषधं पुरवतो, मग प्रकल्प संपतो आणि नर्सचा पगार, जनरेटरचं डिझेल, रुग्णवाहिकेचा टायर हे सगळं अशा सरकारवर पडतं, ज्याने तो दवाखाना मागितलाच नव्हता. इमारत एकदाच बांधायची असते. पगार कायमचा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. देणाऱ्या समाजाकडे चालवणं सोपवलं की तो आपल्यांनाच आधी बघणार. पैसा कुणाचा, यावर दार कुणाला उघडं हे ठरतं. पाहुणे यावर म्हणाले, त्यांच्याकडेही एका देणगीदाराचे जिल्हे आणि दुसऱ्याचे जिल्हे असे नकाशे आहेत, आणि ज्या जिल्ह्याला कुणीच नाही त्याचं नाव संसदेत निघतं तेव्हाच आठवतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. तिथे पाहुणे पूर्ण सुट्टीवर होते, म्हणून मीही.

सोमवार

भाऊच्या ओळखीचे एक निवृत्त लेखाधिकारी नागाळा पार्कात राहतात. जिल्हा परिषदेत आयुष्य गेलं, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कॉफी यायच्या आत त्यांनी पाहुण्यांना पहिला प्रश्न टाकला: "तुमच्याकडे परदेशी पैसा अंदाजपत्रकात चढतो की नाही?"

पाहुणे म्हणाले, पूर्वी चढायचा. बरेच देणगीदार थेट सरकारी तिजोरीत द्यायचे. मग 2013 मध्ये कॅशगेट झालं. सरकारच्या संगणकी लेखाप्रणालीतून खोटी देयकं काढायची, पैसा गेला की नोंद पुसायची, असं करून काही महिन्यांत अब्जावधी क्वाचा (मलावीचं चलन) लंपास झाले. देणगीदारांनी तिजोरीतून हात काढला. मदत बंद झाली नाही, ती बाजूने वाहू लागली: स्वतःची खाती, स्वतःची कार्यालयं, स्वतःचे गाडीवाले. आज आरोग्य खात्याला नुसतं कोण किती खर्च करतंय हे कळण्यासाठी शंभराहून जास्त ठिकाणी विचारत फिरून तक्ता करावा लागतो.

यावर माझा आणि पाहुण्यांचा जुना वाद आहे आणि तो काकांसमोर पुन्हा झाला. ते देणगीदारांना दोष देतात. मी म्हणते, चोरी झाल्यावर पैसा काढून घेणं चूक कसं? पण पुढचं त्यांचं मला मान्य आहे: बाजूच्या खात्यांसाठी चांगले लेखापाल सरकारातूनच उचलले जातात, तिप्पट पगारावर. मग तिजोरी सुधारायला उरतं कोण? ज्या दुखण्यासाठी पैसा बाहेर ठेवला, ते दुखणं बाहेर ठेवण्यानेच वाढतं.

काकांनी आपल्याकडची पद्धत सांगितली. ती रटाळ आहे आणि म्हणूनच मला आवडते. जागतिक बँकेचं कर्ज असो की जर्मनीचं, ते आधी केंद्राकडे येतं. राज्याला खर्च करायचा तर तो राज्याच्या अर्थसंकल्पात असावा लागतो, विधिमंडळाने मंजूर केलेला. बहुतेक प्रकल्पांत आधी राज्य आपल्या तिजोरीतून खर्च करतं, मग दिल्लीतल्या सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकाकडे दावा पाठवतं आणि भरपाई मागून येते. वर महालेखापाल तपासणार. जलस्वराज्य जागतिक बँकेचं आणि आपलं पाणी जर्मनीचं, दोन देणगीदार, दोन योजना, पण दोन्ही एकाच पाणीपुरवठा खात्याखाली, आणि जलस्वराज्यात भांडवली खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी गावाने भरायची. "तरी घोळ व्हायचे," काका म्हणाले, "पण ते आमच्याच वहीत व्हायचे."

लातूरचंही त्यांना आठवत होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. देशभरातून संस्था गावं दत्तक घ्यायला धावल्या. सरकारने गावं वाटून दिली, पण माप आपलं ठेवलं: जमिनीप्रमाणे 250, 450 किंवा 750 चौरस फुटांचं घर. संस्था कितीही श्रीमंत असो, माप तेच. बावन्न गावं नव्या जागी हलवली. ती आखीवरेखीव गावं लोकांना रुचली नाहीत, गोठा कुठे बांधायचा हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, अशी तक्रार काकांनी स्वतः ऐकलेली. त्यापेक्षा दुरुस्तीचा भाग चांगला जमला. जवळपास दोन लाख घरांच्या मालकांच्या खात्यावर हप्त्याहप्त्याने पैसे गेले आणि घर त्यांनी स्वतः मजबूत करून घेतलं. नेपाळने 2015 च्या भूकंपानंतर हीच रीत धरली: घरटी तीन लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत, देणगीदार कुणीही असो, रक्कम सारखी.

मग मी सरपंचबाईंच्या वहीची गोष्ट सांगितली. काकांनी चष्मा काढला.

"वही चांगली. पण ती लिहिणारी बाई निवडणूक लढवते. पहिली नावं कुणाची आहेत ते बघितलंत?"

बघितलं नव्हतं. काका पुढे म्हणाले, की आणखी एक गंमत असते. कुणी शाळेची भिंत बांधून दिली की ग्रामपंचायत भिंतीसाठी ठेवलेला पैसा पेव्हर ब्लॉकला वळवते. देणाऱ्याला वाटतं आपण भिंत बांधली. खरं म्हणजे त्याने पेव्हर ब्लॉक बसवले. हे अर्थमंत्रालयाच्या पातळीवर अब्जांत चालतं, असं पाहुण्यांनी हसत कबूल केलं. म्हणूनच एकट्या प्रकल्पाचा हिशोब चोख असून भागत नाही, सगळं अंदाजपत्रक उघडं दिसावं लागतं.

वहीवरच्या शंकेला पाहुण्यांकडे युगांडाचं उत्तर होतं. 1990 च्या दशकात तिथे पाहणी झाली, तेव्हा 1991 ते 1995 या काळात शाळांसाठी सरकारने सोडलेल्या दरडोई अनुदानातलं सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोचत होतं असं निघालं. सरकारने मग कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रात छापायला आणि शाळांच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत पोचणारा वाटा कितीतरी पटींनी वाढला. वाढ सगळी छापण्यामुळेच झाली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण भिंतीवर लावायला खर्च काय येतो?

काकांच्या समोरच भाऊने बाईंना फोन लावला, स्पीकरवर. वहीतली यादी बाहेर लावता का?

"लावली की हाय, चावडीला. तुमी बघितली न्हाई?"

आम्ही बघितली नव्हती. यंत्रांकडे मागच्या वाटेने गेलो होतो. काका म्हणाले, मग ठीक आहे, पण सरकारी लाभार्थ्यांची यादीही शेजारी लावा, तेव्हाच जुळणी होईल. बाई म्हणाल्या, तलाठ्याकडून घेते, तो देतो की नाही ते बघते.

पाहुण्यांनी दोन दिवसांपासून त्या वहीचे रकाने आपल्या डायरीत उतरवून ठेवले होते. आता त्यांनी एक वाढवला आणि मला म्हणाले, बाईंना विचार, चालेल का. मी फोनवर वाचून दाखवलं: ही वस्तू किंवा हे काम किती वर्षं चालणार, आणि देणारा गेल्यावर त्याचा खर्च कोण देणार.

पलीकडे जरा वेळ गेला.

"लिवतो की," बाई म्हणाल्या. "पर त्या खान्यात समदीकडं आमचंच नाव येनार बगा. तवा पाव्हण्यास्नी इचारा, तसं असंल तर घ्यायच्या आधी न्हाई म्हनायची सोय त्येंच्यात हाय का?"

पाहुण्यांनी भाषांतर ऐकलं, आणि काकांकडे बघत म्हणाले, की हा प्रश्न ते सही करायच्या आधी अर्थमंत्र्यांच्या टिपणीत घालणार आहेत. काकांनी लगेच टिपणीचा मसुदा मागितला. चार वाजता निघायचं होतं, सहा वाजले तरी दोघं कुठला खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली यावर भांडत होते, आणि भाऊ खाली गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होता.